दर्याच्या अंगानं दुसरी

१९ जानेवारी

समाजाचं पान आज पुन्हा उघडलं नाही. नुसतं गोल गोल फिरतंय. धर्माजीभाऊ दारात येऊन उभे — "वयनी, माजा फोटो तिकिटाएवडा, आन् त्या गॅदरिंगमदल्या पोराचा घराएवडा! मी अध्यक्ष हाय का कोन हाय?" म्हटलं, बसा आधी, चहा घ्या. चहा प्यायले, पण तोंड तसंच.

त्यांचंही खोटं नाही. समाजातल्याच शैलेशने हे संकेतस्थळ हौसेने उभं केलं. पुढे तारापूरच्या कंपनीत त्याच्या पाळ्या बदलल्या आणि संक्रांतीला तीळगुळाबरोबर पासवर्ड माझ्या हातात ठेवून तो मोकळा झाला. म्हणाला, "काकी, समाजात तुमच्याएवडा वेळ कोनाला नाय." आता जो येतो तो फोनवरून हवा तेवढा फोटो चढवतो. कुणाचा ताडपत्रीएवढा, कुणाचा रुमालाएवढा. एडवणच्या किनाऱ्यावर नेट येतं ते वाऱ्यासारखं, कधी आहे कधी नाही. एवढं वजन घेऊन पान उघडणार कसं?

चाळीस वर्षं गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवले. कापड कितीही असो, मापात बसवलं. हेही बसवीन.

२१ जानेवारी

सगळ्या फोटोंना एक रुंदी आणि एक उंची देऊन टाकली. जपून ठेवलं आणि पान उघडलं तर अख्खा समाज दाबून बसवल्यासारखा! धर्माजीभाऊ घागरीसारखे. जागृतीचा लग्नाचा फोटो बघवेना. ती बांध्यासाठी ओळखली जाणारी मुलगी, तिची पार उशी केली मी. आजूबाजूला कुणी नव्हतं तरी घाईघाईने बंद केलं.

२४ जानेवारी

शैलेशला फोन केला. पाळी संपवून बोईसरच्या नाक्यावर उभा होता, मागे रिक्षावाल्यांचं हिंदीत भांडण. तरी नीट समजावलं पोराने. फोटोला ताणायचं नाही. त्याला एक चौकट द्यायची आणि सांगायचं, चौकट भर. त्याला म्हणतात 'कव्हर'. फोटोचा आकार बिघडत नाही, चौकटीबाहेर जाईल तेवढं आपोआप झाकलं जातं. दुसरं असतं 'कंटेन'. त्यात फोटो अख्खा दिसतो, पण वरखाली रिकामी जागा राहते.

मी कव्हर घेतलं. रिकामी जागा मला नाही आवडत.

काय दिसतंय पान! सगळे एका ओळीत, एका मापाचे, इस्त्री करून ठेवल्यासारखे. आणि उघडतंय पटकन. धर्माजीभाऊंना दाखवलं. त्यांनी सगळ्यांच्या चौकटी बोटाने मोजून बघितल्या. आपली लहान नाही अशी खात्री झाल्यावर म्हणाले, "बरोबर हाय."

२ फेब्रुवारी

'जुनी माणसं' या पानाला आज सोन्याचा दिवस. गोमाबाबांच्या मुलीने दातिवऱ्याहून फोटो पाठवला. गोमाबाबा आमच्याच गावचे जुने तांडेल, होडीचे म्होरके, आता म्हातारपणी लेकीकडे राहतात. त्यांच्या पेटीत निघाला. आमच्या किनाऱ्यावर मासे सुकवणाऱ्या बायकांची लांबच लांब रांग, बांबूवर बोंबील, मागे होड्या. पालघरच्या कुणा फोटोवाल्याने काढलेला. बाबा तेव्हा लहान, फोटोवाल्याची छत्री धरून उभे होते म्हणे.

बाबांनी नावं बोलून पाठवली. तीन वेळा ऐकली. "दर्याच्या अंगानं पयली मथुरी, धर्माजीची आजी. दुसरी गजरी, आपल्या सुलूची आय. तिसरी हिरू. बाकीच्या दातिवऱ्याच्या, नावं गेली डोक्यातना." आमच्याकडे डावं-उजवं कोण सांगतं? घर सांगायचं झालं तरी दर्याच्या अंगानं चौथं.

फोनवर पाहिलं होतं, दर्या डाव्या हाताला होता. म्हणून पानावर फोटो चढवून खाली लिहिलं — डावीकडून: मथुरी, गजरी, हिरू.

सुलूने आईला पाहिलेलंच नाही. ही रांगत होती तेव्हा गजरी गेली. घरात फोटो नाही, कुणाकडेच नाही. उद्या बोलावते.

३ फेब्रुवारी

सुलू आली ती माशांची पाटी खाली ठेवून तशीच. माझ्याच वयाची, पण अजून बोईसरच्या बाजारात बसते. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब केला, मान वाकडी केली. "कोनती?" "डावीकडून दुसरी." मग बघतच राहिली.

दुसरी बाई हसतेय. पुढचा एक दात पडलेला, तरी तोंडभर हसतेय.

सुलू म्हणाली, "जमने, माजी आय हसरी होती. मला कोनी सांगितलं नाय कदी."

मी आत जाऊन भांडी घासली. घासायची नव्हती.

११ फेब्रुवारी

धर्माजीभाऊंकडे पूजा. पानावरच्या फोटोतून त्यांनी आजीचा चेहरा बोईसरच्या स्टुडिओत मोठा करून घेतला. सोनेरी चौकट, चंदनाचा हार. फोटोतली बाई उन्हाने कपाळावर हात धरून उभी, अर्धा चेहरा सावलीत. स्टुडिओवाल्याने ती सावली पुसून गाल गुलाबी केलेत. ओठांना लाली. मासे सुकवणारी बाई अशी? पण भाऊंचा ऊर भरून आला होता, मी शिरा खाल्ला. अख्खं गाव पाया पडून गेलं. मीही पडले.

२० फेब्रुवारी

सुलूला पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, तिची सून चारुता सोबत होती. मोतीबिंदू असेल, काढून टाकतील, असं आम्ही धरून चाललो होतो. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून आहे ती जितकी टिकेल तितकी टिकवायची. चारुताने हे मला अंगणात हळू आवाजात सांगितलं. सुलू आतून ओरडली, "हळू काय बोलते गं, कान नाय गेले माजे."

मग मला म्हणाली, "जमने, एक काम कर. आयचा फोटो मोठा करून दे. बगून घेते नीट. मग काय व्हायचं ते होऊ दे."

करणार. काहीही झालं तरी करणार.

२३ फेब्रुवारी

एकटा तो फोटो मोठा केला तर पान पुन्हा जड झालं. सुलूच्या घरात उघडेचना. परत काढला. पाठ धरलीय.

२६ फेब्रुवारी

शैलेश म्हणतो, पानावर लहानच ठेवा, पण बोट लावलं की मूळ फोटो अख्खा उघडेल असं करता येतं. ज्याला बघायचा त्यानेच वजन उचलायचं. किती शहाणपणाची गोष्ट! त्याने सांगितलं तसं लिहिलं, नाही झालं. एक अवतरणचिन्ह विसरले होते. ते शोधण्यात दुपार गेली, आमटी लागली खाली. जेवले तीच.

१ मार्च

झालं. बोट लावलं आणि फोटो अख्खा उघडला.

डावीकडे दर्या दिसला. पाणी, फेस. म्हटलं, पानावर हा कुठे होता इतके दिवस? आणि दर्याच्या बाजूला पाण्यात पाय घालून एक बाई उभी. ही पानावर नव्हती.

माझ्या चौकटीने तिला झाकली होती. चौकट भर म्हटलं, आणि तिने दोन्ही कडा झाकून टाकल्या. दर्या गेला, त्याच्याबरोबर पहिली बाई गेली. आणि मी नावं लिहिली ती उरलेल्या बायकांवर, डावीकडून! सगळी एकेक घर सरकली.

म्हणजे पाण्यात उभी ती मथुरी. कपाळावर हात धरलेली, धर्माजीभाऊंच्या भिंतीवर हार घालून टांगलेली — ती गजरी. सुलूची आई. आणि हसणारी ती हिरू, जिचं आता कोणीच उरलेलं नाही.



२ मार्च

जेवण गेलं नाही.

३ मार्च

आधी खात्री करावी म्हणून दातिवऱ्याला गेले. गोमाबाबा ओट्यावर जाळं शिवत बसलेले. आता ते कुणाला लागत नाही, पण हात स्वस्थ बसत नाहीत. अख्खा फोटो दाखवला. "ही बग मथुरी, पान्यात उबी. ती कवा कोरड्यात उबी राह्यली? आन् ही गजरी. उन खपायचं नाय तिला, सदा कपाळाला हात." मी विचारलं, आणि ही हसते ती? "हिरू गं! तिचं हसू पार होडीवर आयकू यायचं."

मग विचारलं, बाबा, सुलूला सांगू की नको?

बाबांनी गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. "आय कोनाची म्हनून बगते हाय ती? आपलीच ना? मग आपलीच दाव."

६ मार्च

धर्माजीभाऊंकडे गेले. झालेली चूक सांगितली. फोन उघडून दाखवायच्या आत हात आडवा केला त्यांनी. "वयनी, माज्या घरात पूजा झाली. गाव जेवलं. आता मी सांगू, हार घातला तो दुसऱ्याच्या आयला? लोक हसतील. तुमी असं करा, चौकट होती तशीच ठेवा. अख्खा फोटो कोन बगतो?"

म्हटलं, सुलू बघते.

"सुलूला तरी काय दिसतं आता?"

असं बोलले. बोलून झाल्यावर त्यांनाच ते टोचलं, खाली बघायला लागले. वाईट माणूस नाही हा. सुलूच्या नवऱ्याची होडी अडकली तेव्हा रात्रभर पाण्यात उभा राहिलेला. पण भिंतीवरची सोनेरी चौकट त्याच्या छातीवर बसलीय.

मी एवढंच म्हटलं, "भाऊ, चूक माझ्या चौकटीची आहे, लोकांना मी सांगेन. तुमच्याकडे बोट जाणार नाही. पण फोटो अख्खाच राहील." आणि निघून आले.

घरी येऊन कव्हर काढलं, कंटेन केलं. नावं दुरुस्त केली. वरखाली रिकामी जागा राहिलीय. राहू दे.

८ मार्च

सुलूला सांगितलं.

रस्त्यात वाक्यं जुळवत गेले होते, एकही कामी आलं नाही. सरळ म्हटलं, सुलू, मी तुला चुकीची बाई दाखवली. तुझी आई तिच्या शेजारची.

ती बोंबील निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "मग हसनारी कोन?" "हिरू." "तिला कोन हाय?" "कोणी नाही." "बरं झालं की मग. इतके दिस मी तरी तिला आय म्हटलं."

मला रडू आलं. मला म्हणते, "रडते काय, दाव आता खरी."

अख्खा फोटो उघडला, दोन बोटांनी ओढून गजरीला मोठी केली. फोनभर. सुलूने फोन वर केला, खाली केला. "ही काय, लुगडं?" "हात आहे, कपाळावरचा." "आन् तोंड?" "त्याच्या खाली." "कुटं गं?" मी आणखी मोठी केली. नुसते करडे ठिपके झाले. मलाही त्यात चेहरा सापडेना.

"न्हाय दिसत, जमने," म्हणाली. "हिरू दिसायची बाय."

९ मार्च

रात्रभर एकच विचार. हिरू दिसायची, गजरी का दिसत नाही?

सकाळी चारुता कामाला निघाली होती, तिला स्टेशनच्या वाटेवर गाठलं. म्हटलं, डॉक्टर नक्की काय बोलले, शब्द न् शब्द सांग. ती म्हणाली, आत्यांना कडेचं दिसत नाही. मधलंच दिसतं. नळीतून बघितल्यासारखं.

नळीतून! आणि मी तिला मोठं मोठं करून दाखवतेय. नळीतून बघणाऱ्याला डोंगर दाखवला तर दगडच दिसणार. हिरू दिसली ती लहान होती म्हणून, चौकटीत चार बोटांत मावत होती म्हणून. सगळे म्हणतात, नजर कमी झाली की मोठं करा. मीही तेच म्हणत बसले.

१० मार्च

गजरीचं वेगळं पान केलं. फक्त सुलूसाठी, यादीत दिसत नाही. मधोमध एकटी गजरी, रुंदी तीन बोटं, बाकी सगळं काळं. लहान केल्यावर ते करडे ठिपके एकमेकांत मिसळले आणि चेहरा झाला. मलाही पहिल्यांदा नीट दिसला. नाक सरळ, डोळे बारीक केलेले, ओठ मिटलेले.

सुलूने हातात घेतला. एकदम थांबली. फोन हलवला नाही, मान हलवली नाही.

"हसत नाय," म्हणाली.

"नाही."

"माज्यासारखी हाय. मी पन फोटोत हसत नाय."

चहा थंड झाला. कोणी प्यायलं नाही.

१५ मार्च

होळी झाली. गर्दीत धर्माजीभाऊंनी मला बघून न बघितल्यासारखं केलं. आज दुपारी मात्र आले, बसले नाहीत. "वयनी, तो अख्खा फोटो उगडा जरा. कोन बोलत होता त्यात माज्या आजीचं नाक हाय म्हनून."

पाण्यातली मथुरी त्यांच्यापुढे ठेवली. ठसठशीत बाई, लुगडं वर खोचलेलं, आणि नाक — भाऊंचंच, पोपटाचं. भाऊ स्वतःच्या नाकावरून बोट फिरवत उभे. "आयला," म्हणाले, "आजीनंच दिलं व्हय हे."

जाताना दारात वळून म्हणाले, "भिंतीवरचा उतरवत नाय हां. सुलूला सांगा, तिची आय आमच्या घरी हाय. सनावाराला येऊन हार घालून जा म्हनावं."

म्हटलं, तुम्हीच सांगा.

१७ मार्च

सांगितलं त्यांनी. सुलू मला सांगत होती — "धर्माजीच्या घरी गेलते. आयला काय ती लाली लावलीय! मी म्हटलं, धर्माजी, माजी आय नटीण नव्हती रे. तर बोलतो, माज्या घरी जरा बरी राह्यली तर तुजं काय जातं." आणि इतकी हसली की ठसका लागला.

१ एप्रिल

समाजाच्या बैठकीत चौकटीची चूक मी उभी राहून सांगितली. कोणी हसलं नाही. उमरोळीची दीपा मात्र म्हणाली, "काकी, आमच्या आजोबांचे पण पाय गेलेत तुमच्या चौकटीत." खरंच गेले होते. आता सगळे फोटो एकेक करून तपासतेय. कुणाचा हात परत येतोय, कुणाची होडी.

६ एप्रिल

सुलू म्हणाली, "जरा लहान करतेस का? कडेला जातो." दोन बोटं केला.

१९ एप्रिल

दीड बोट. उजेडही वाढवून दिला. "हां, आता बसली मदे," म्हणाली. थेंब वेळेवर घालते का विचारलं. "चारुता बंदूक घेऊन उबी असते," म्हणाली.

बाजार बंद केलाय तिने. पाटी कोनाड्यात उलटी ठेवलीय.

२७ एप्रिल

शैलेशने फोन केला. "काकी, एक पान दिसतंय, त्यात फोटो नखाएवडा. चुकून झालंय का? नीट करू?"

म्हटलं, हात लावू नकोस त्याला.

४ मे

अंगठ्याच्या नखाएवढा. याहून लहान केला तर चेहरा राहत नाही, नुसता ठिपका. करून बघितलं. दहा तऱ्हांनी केलं. सोडणार नाही म्हणते मी, पण फोटोत आहे तेवढंच आहे.

१८ मे

सुलू चारुताचा हात धरून आली. मी फोन तिच्या पुढे धरला. तिने चाचपून माझा हात शोधला आणि खाली ठेवला.

"आता लहान नको, मोटा नको," म्हणाली. "तू बग, आन् मला सांग कशी हाय ती."